५ किलोवॉटचा फ्युएल सेल जोडला तर रेंज किती वाढेल?

तुमच्या इलेक्ट्रिक गाडीची वापरता येणारी बॅटरी २७ युनिटची आहे. तिला ५ किलोवॉटचा हायड्रोजन फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज बनवणारं यंत्र) जोडून लांबचा पल्ला गाठता येईल का, हा तुमचा प्रश्न. येईल, पण सेल कधी चालू करता यावर फार अवलंबून आहे.

ताशी ९० च्या वेगाने १०० किलोमीटरला १६ युनिट लागतात असं धरू. म्हणजे सरासरी ओढ साडेचौदा किलोवॉटच्या आसपास. नुसत्या बॅटरीवर जेमतेम १७० किलोमीटर होतील. निघतानाच सेल चालू केलात तर बॅटरीवरचा भार साडेनऊ किलोवॉटवर येतो आणि गाडी २६० च्या घरात जाते. तोच सेल बॅटरी २० टक्क्यांवर आल्यावर चालू केलात, तर १८७ किलोमीटरला गाडी रस्त्याच्या कडेला उभी, आणि टाकीत हायड्रोजन तसाच पडून! पेट्रोलच्या रिझर्व्हची सवय असलेल्यांचा इथेच घोटाळा होतो.

दिवसभर थांबत-थांबत फिरणाऱ्या डिलिव्हरी व्हॅनला मात्र हा सेल मस्त जमतो. तिची सरासरी ओढ चार किलोवॉटच्या आत-बाहेर, आणि गाडी उभी असतानाही सेल बॅटरी भरत राहतो. रेनॉने २०१९ मध्ये आणलेल्या हायड्रोजन कांगू व्हॅनमध्ये ३३ युनिटची बॅटरी आणि ५ किलोवॉटचाच सेल होता. त्यांच्या आकड्यांनुसार रेंज २३० वरून ३७० किलोमीटरवर गेली. थंड प्रदेशात आणखी एक फायदा: सेलच्या उष्णतेवर केबिन गरम करता येते, हीटरसाठी बॅटरी खर्ची पडत नाही.

आता वीज किती लागते ते पाहा. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३ युनिट ऊर्जा असते, त्यातली निम्मी सेलमध्ये उष्णता होऊन जाते. हाती उरतात साधारण १६ युनिट, म्हणजे १०० किलोमीटर. पाण्यापासून तो एक किलो बनवायला मात्र ५० ते ५५ युनिट वीज लागते. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर ३०० किलोमीटर निघतात. म्हणून मुक्कामी चार्जिंगची सोय असेल तर माझं स्पष्ट मत आहे, मोठ्या बॅटरीची गाडी घ्या.

आणि कृपा करून हे घरच्या घरी जोडू नका. टाकीत ३५० किंवा ७०० बारचा दाब असतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन मिसळला की तो पेट घेऊ शकतो, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतच नाही. शिवाय गॅस अतिशुद्ध लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा अंश जरी असला तरी सेलमधला प्लॅटिनम निकामी व्हायला लागतो.

तुमचा रोजचा सरासरी वेग आणि १०० किलोमीटरला लागणारे युनिट कळवा. वेग गुणिले युनिट, भागिले १००, एवढाच हिशोब आहे. उत्तर, म्हणजे तुमची सरासरी ओढ, ५ किलोवॉटच्या खाली आलं तर पुढचं बोलू.