व्हायोलिन वाजवणाऱ्यानं राक्षसांच्या गोष्टी लिहाव्यात का?

‘बेसूर’ अशी सही करणाऱ्या वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वीस वर्षं व्हायोलिनवर पोट भरतोय. दोन वर्षांपासून मुलांसाठी अद्भुत साहसकथा लिहितोय. नव्वद हजार शब्द झाले, कुणालाच दाखवलेले नाहीत. सोबतचे वादक म्हणतात, ‘हात थकले वाटतं!’ ही संगीताशी बेइमानी आहे का?

बेसूर,

बेइमानी कसली? ‘द डिसेंबरिस्ट्स’ या अमेरिकी बँडचा गायक कॉलिन मेलॉय. २०११ साली त्याची मुलांसाठीची पहिली कादंबरी आली, चांगली पाचशेहून जास्त पानांची. चित्रं त्याच्या बायकोची, कार्सन एलिसची. पुढे बँडचे अल्बमही येत राहिले. तेव्हा टोमणे या कानानं ऐका आणि त्या कानानं सोडून द्या.

तसंही तुमची खरी भीती ती नाही. भर सभागृहात वाजवणारा माणूस दोन वर्षं एक पानही कुणाला दाखवत नाही, म्हणजे तो मुलांना घाबरलाय. मुलं भिडेखातर टाळ्या वाजवत नाहीत ना!

सोबत पाठवलेलं पहिलं प्रकरण वाचलं. थोडं घाबरायला हवंच. चार पानं राजघराण्याच्या सात पिढ्या. नायिका पाचव्या पानावर येते आणि लगेच म्हातारा जादूगार तिला सुरक्षित जागी नेऊन ठेवतो. आठ ते बारा वर्षांचा वाचक इथेच पुस्तक मिटणार. पोरीला काय हवंय ते आधी कळू दे. मग चूक तिची, धाडस तिचं आणि सुटकाही तिनंच करायची. जादूगाराला आजारी पाडा, कैदेत टाका, काय वाट्टेल ते करा. आणि तिच्या व्हायोलिनच्या सुरांनी दगड फुटतात, तर ती प्रत्येक भिंत का फोडत नाही? वाजवलं की दर वेळी एक आठवण पुसली जाते, असं काही असेल तर ती गज उचलताना वाचकाचा जीव वरखाली होईल.

गुहेतला प्रसंग मात्र फार आवडला. तारेनं बोट कापतं, ती रक्त फ्रॉकला पुसते आणि पुन्हा वाजवायला घेते. हे वादकालाच सुचावं. पण पुढच्याच ओळीत तुम्ही स्वरांची नावं मोजायला लागता. त्यापेक्षा वटवाघळं कशी बिथरली ते सांगा.

वंशावळ वहीत राहू द्या. पहिलं पुस्तक चाळीस ते साठ हजार शब्दांत बसवा. कार्यक्रम सोडू नका. पहिल्या पुस्तकावर घर चालत नाही. लिहिलेलं मोठ्यानं वाचा, लय कुठे अडखळते ते तुमच्या कानाला माझ्याआधी कळेल. मग मुलांना वाचून दाखवा, पण स्वतःच्या नको, ती लाजेकाजेस्तव गोड बोलतील. ‘आवडलं का?’ विचारू नका. ‘पुढे काय होईल?’ एवढंच विचारा आणि चुळबुळ कुठे सुरू झाली त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण करा.

टोमणे मारणाऱ्यांपैकी कुणाला तरी मुलं असतीलच. सुरुवात तिथूनच करा.