‘एंडोथेलियम’ला अस्तर म्हणावं का?

करवीर तालुक्यातल्या आरोग्य शिबिरासाठी पत्रक लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: ‘एंडोथेलियम’ला, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूच्या पातळ थराला, मराठीत काय म्हणावं, आणि ‘ठिबकच्या नळीत क्षार बसावेत तशी रक्तवाहिनीत चरबी बसते’ हे वाक्य चालेल का?

शब्द ‘अस्तर’ घ्या. पारिभाषिक ‘अंतःस्तर’ आहे, पण तोच गर्भाच्या सर्वांत आतल्या थरासाठी, एंडोडर्मसाठीही वापरला जातो, म्हणून घोळ होतो.

ठिबकचं वाक्य मात्र काढाच, ऊस पट्ट्यात ते कितीही पटकन कळत असलं तरी. चरबी अस्तराच्या वर बसत नाही, अस्तराखाली शिरते. धमनीच्या भिंतीत चरबी साठण्याच्या आजाराला (अथेरोस्क्लेरोसिस) असलेल्या ‘रोहिणीविलेपी विकार’ या भारदस्त शब्दातला ‘लेप’ही हीच चुकीची कल्पना रुजवतो. होतं ते असं: धमनीला जिथे फाटा फुटतो, उदाहरणार्थ मानेत, तिथे रक्ताचा प्रवाह सरळ राहत नाही. तिथलं अस्तर आधी बिघडतं. त्यात तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांची भर पडते. मग एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल भिंतीत अडकतं, अस्तराच्या पेशी पांढऱ्या पेशींना धरून आत घेतात आणि त्या पेशी चरबी खाऊन फुगतात. त्यातूनच भिंतीत गाठ तयार होते.

‘अस्तर’ म्हटलं की नुसतं शिवलेलं कापड डोळ्यांपुढे येतं, ही या शब्दाची खोट. हा थर एकाच पेशीच्या जाडीचा, पण कामाला चोख. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 साली सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं की अस्तर शाबूत असेल तर मज्जातंतूंचा निरोप नेणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनने पट्टी सैल पडते आणि घासून काढलं तर उलट आखडते. सैल करणारा पदार्थ पुढे नायट्रिक ऑक्साइड निघाला. 1998 चं नोबेल त्यावरचंच. म्हणून क्रियापद ‘बिघडणे’ वापरा. ‘फाटणे’ राखून ठेवा: गाठीवरचं आवरण फाटलं की रक्त गोठून झटका येतो. कधी आवरण शाबूत असतं, वरचं अस्तर तेवढं झिजतं, तरी गुठळी होते. तिथे ‘झिजणे’.

पेशींभोवती साचलेला द्रव (लसीका) परत रक्तात नेणाऱ्या लसीकावाहिन्यांचं अस्तर निराळं. सुरुवातीच्या बारीक वाहिन्यांत पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेर पाणी वाढलं की फटी उघडतात, द्रव आत येतो. पुढे झडपा तो परत फिरू देत नाहीत. हत्तीरोगाचे जंत याच वाहिन्यांत राहतात, वाहिन्या फुगतात, झडपा नीट मिटत नाहीत, पाय सुजतो. पत्रकात नुसतं ‘लस’ लिहू नका, लोक इंजेक्शन समजतील. ‘जखमेतनं लस येते’ यातली लस इंजेक्शनच्या लसीहून वेगळी, हे एका ओळीत सांगून मग ‘लसीका’ लिहा. आणि ‘सूज’ एवढंच न लिहिता ‘बोटाने दाबल्यावर खळगा पडणारी सूज’ असं लिहा, कारण तोवर पट्टी बांधून बराच फरक पडतो. पुढे तंतू आणि चरबी साठून पाय टणक झाला की खळगाही पडत नाही.