अमिश म्हणजे जर्मनच ना?

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत ओहायोत असतात, ऑक्टोबरात आम्ही दोघं जातोय. मुलगी म्हणते जवळच्या गावात अमिश आणि जर्मन वारशाचं एक छोटं म्युझियम आहे, दाखवते. ह्यांचं म्हणणं, नागपूरचं म्युझियम, अजब बंगला, बघत मोठे झालो, आता तिकडे जाऊन जुनी भांडीकुंडी काय बघायची, त्यापेक्षा घोडागाडीवाले अमिश रस्त्यावर दिसतातच, त्यांचे फोटो काढू. खरंच जाण्यासारखं असतं का? आणि अमिश म्हणजे जर्मनच ना?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : काकू, नक्की जा आणि काकांनाही न्या, फक्त आधी म्युझियम आणि मग रस्ता, कारण आधी कळलं नाही तर घोडागाडी म्हणजे नुसती गंमत वाटते.

आता जर्मनच का, तर अमिश हा साधेपणानं राहणारा एक ख्रिस्ती पंथ, बोली जर्मन वळणाची, मूळ मात्र स्वित्झर्लंड आणि शेजारच्या, आता फ्रान्समध्ये असलेल्या आल्सासकडचं. 1525 साली झुरिकमध्ये काही जणांनी ठरवलं की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आम्ही मानत नाही, माणसानं मोठं झाल्यावर समजून-उमजून घ्यावा. एवढ्यावरून त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला 1527 मध्ये लिमाट नदीत बुडवून मारलं! याच पंथातून 1693 मध्ये याकोब अमानच्या मागे जे वेगळे झाले ते अमिश, आणि पुढच्या शतकात ते पेनसिल्व्हेनियाला गेले, तिथून ओहायोत. त्याच काळात साधे लुथरन आणि रिफॉर्म्ड, म्हणजे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करणाऱ्या पंथांचे, जर्मनही ढिगानं गेले, शेजारीशेजारी राहिले, म्हणून छोट्या म्युझियममध्ये दोघांच्या वस्तू एकाच खोलीत सापडतात.

त्या ओळखायच्या कशा, ते सांगते. भिंतीवर हातानं रंगवलेले कागद दिसतील, पक्षी, ट्युलिप, पत्त्यांतल्यासारखे बदाम, मधोमध वळणदार जर्मन अक्षर, त्याला फ्राक्टुर म्हणतात. जवळ जाऊन बघा, त्यावर बाळाचा जन्म आणि बाप्तिस्मा लिहिलेला असेल तर ते घर लुथरन नाहीतर रिफॉर्म्ड, अमिश नाही, कारण जी गोष्ट नाकारण्यासाठी त्यांच्या लोकांनी जीव दिला तीच ते कशाला रंगवून ठेवतील. मला तर या एका कागदासाठी तिथं तासभर उभं राहायला आवडेल.

दुसरं म्हणजे आउसबुंड हे त्यांचं जुनं भजनांचं पुस्तक. 1564 पासून छापलं जातंय, त्यातली कितीतरी पदं तुरुंगात पडलेल्यांनी लिहिलेली आणि अमिश आजही त्यातूनच गातात. पुस्तकात नुसते शब्द, सूर कुठे लिहिलेलेच नाहीत, आपल्या भजनी मंडळात चाली ऐकून-ऐकून उचलतात अगदी तसंच. गाणं इतकं संथ की एक पद वीसेक मिनिटं चालतं. चर्चची इमारत नसते, प्रार्थना आळीपाळीनं एकेकाच्या घरी आणि बाकं एका गाडीत घालून घरोघर फिरवतात, ती गाडी दिसली तर सोडू नका. वेळ असेल तर ओहायोतल्याच होम्स काउंटीतल्या बर्लिन गावात बेहाल्ट नावाचं गोलाकार चित्र आहे, 10 फूट उंच आणि 265 फूट लांब, हाइन्झ गाउगेल या चित्रकारानं काढलेलं, त्यात हा सगळा इतिहास ओळीनं बघायला मिळतो.

काका, फोटोचं मात्र मनातून काढून टाका. समोर उभं राहून फोटो काढून घेणं त्यांच्या धर्मात बसत नाही, मूर्ती करू नये ही आज्ञा आणि मिरवू नये ही शिकवण. घोडागाडीचा लांबून घेतला तर ठीक, चेहऱ्यावर मोबाईल रोखणं चांगलं नाही. आणि वीज नाही म्हणजे मागासलेले असंही समजू नका, बाहेरची वायर घरात नको एवढाच बऱ्याच ठिकाणी नियम, गॅसवरचा फ्रिज, बॅटरी, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं हे पुष्कळांकडे असतं आणि काय चालेल ते प्रत्येक मंडळी, म्हणजे तिथला प्रार्थनेचा गट, आपापलं ठरवते.

अजून एक, हे नाव नागपूरला अगदीच परकं नाही. अमिशांचे भाऊबंद मेनोनाइट, त्याच जुन्या पंथातले, त्यांच्या अमेरिकन मिशननं 1899 मध्ये आताच्या छत्तीसगडमधल्या धमतरीला काम सुरू केलं, दुष्काळाचे दिवस होते आणि धमतरी तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे कारभार नागपूरहूनच. त्यांचं हॉस्पिटल तिथं आजही आहे. म्युझियममधल्या आजी-आजोबांना सांगा की आम्ही त्या बाजूचे, ते आवडीनं बोलतील. फक्त रविवारी जाऊ नका, त्या भागात बहुतेक सगळं बंद असतं.