घरच्या फ्लॅट लॅपवर (आडव्या फिरत्या चकतीच्या घासणी यंत्रावर) अकीकाचा कॅबोशॉन, म्हणजे पैलू न पाडता घुमटासारखा गोल केलेला खडा, घासताना घुमटावर सपाट पट्टे राहतात. ते कसे घालवायचे?

६०० ग्रिटपासून (आकडा जितका मोठा, तितके चकतीचे कण बारीक) पुढे चकतीखाली फोमची मऊ गादी घ्या आणि खडा क्षणभरही एका जागी धरू नका; पट्टे जातील. कडक चकती घुमटाला एका वेळी एवढ्याशा जागीच टेकते, त्यामुळे हात थांबला की तिथे पैलू पडतो. मी घरी अकीकच घासतो, त्यावरून सांगतो: खडा लाखेने दांडीवर चिकटवा, दांडी बोटांत सतत फिरवत कडेकडून माथ्याकडे न्या. आधी कडेला साधारण ४५ अंशांचा उतार काढा, मग त्याच्या वरची आणि खालची धार मोडा, असं करत गोलाई आणा. चकतीची बाहेरची कड जास्त वेगाने कापते, तिथे हात हलका ठेवा. प्रत्येक ग्रिटनंतर खडा पूर्ण कोरडा करून तिरप्या उजेडात बघा. ओल्या दगडावर ओरखडे लपतात. ६००, १२००, ३००० आणि शेवटी नमद्यावर (दाबलेल्या लोकरीच्या चकतीवर) सिरियम ऑक्साईड ही चकाकीची पूड. हा क्रम अकीक-जास्परसाठी; मॅलाकाइटसारख्या मऊ दगडाला दाब आणि वेग दोन्ही कमी लागतात. पाण्याची धार मात्र कधीच बंद करू नका. अकीकाची कोरडी धूळ फुप्फुसात जात राहिली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, गुजरातेतल्या खंबातच्या अकीक कारागिरांनी तो फार भोगलाय.