कर्जतला एफएम केंद्र काढून नवी मुंबईत ऐकवता येईल का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत लहान गावांतली रेडिओ केंद्रं सिग्नल वाढवत जवळच्या महानगरात पोहोचतात, तसं तुमच्या नेरूळच्या संस्थेला कर्जतसारख्या लहान गावात लायसन्स घेऊन नवी मुंबई-ठाण्यापर्यंत पोहोचता येईल का.

नाही येणार. लहरी पोहोचवता येतील, कायदा पोहोचू देणार नाही. मी एका खाजगी एफएम केंद्राच्या ट्रान्समीटरवर बरीच वर्षं काम केलंय आणि राहायला कळव्याला आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अँटेना १०० मीटर उंचीवर असेल तर तिचं क्षितिज चाळीसेक किलोमीटरवर येतं, ३०० मीटरवर नेली तर सत्तरच्या आसपास. नुसती ताकद दुप्पट करून अंतर दुप्पट होत नाही, खरा फरक उंचीने पडतो. म्हणजे कर्जतच्या नावाने लायसन्स घेऊन कुणी माथेरानच्या पठारावर, साधारण ८०० मीटरवर अँटेना लावली, तर नेरळ-कर्जतबरोबर पनवेल, खारघर, नेरूळही तिच्या टप्प्यात येतील. ऐरोली-घणसोली मात्र पारसिकच्या डोंगराच्या सावलीत राहतील. २०२२ पर्यंत फास्ट लोकल या डोंगरातल्या बोगद्यातून जायच्या, तेव्हा ठाण्याकडे येताना कानात रेडिओ लावून बसणाऱ्याला हा डोंगर चांगला माहीत असायचा. सव्वा किलोमीटरच्या त्या बोगद्यात गाणं बंद व्हायचं, बाहेर पडलं की पुन्हा सुरू.

अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे प्रत्येक केंद्राचं लायसन्स एका गावाच्या किंवा शहराच्या नावाने असतं आणि त्या गावावर ठरावीक जोराचा सिग्नल पडलाच पाहिजे असा नियम आहे. १९८३ मध्ये त्यांच्या संचार आयोगाने शेकडो नव्या एफएम जागा मोकळ्या केल्या. १९८९ मध्ये लायसन्सचं गाव बदलून घेण्याची सोय झाली, २००६ मध्ये ती आणखी सोपी झाली. मग मालकांनी हिशेब मांडला. गावात जाहिराती किती मिळणार? पण टॉवर गाव आणि शहर यांच्या मधोमध नेला, तर गावावरचा सिग्नल नियमापुरता राहतो आणि शहराचा बाजार हाती येतो. सगळ्यात लहान वर्गातलं केंद्र ६ किलोवॅटचं, सगळ्यात मोठं १०० किलोवॅटचं, त्यामुळे वर्ग वाढवून घेण्याचीही धडपड चाले. दर तासाला केंद्राचं नाव आणि लायसन्सचं गाव सांगणं तिथे बंधनकारक आहे. अशी केंद्रं गावाचं नाव भरभर उरकतात आणि लगेच शहराचं नाव ठसक्यात घेतात.

गावाचं काय झालं? शाळेचे सामने, गावसभा, वादळाची सूचना, पिकांचे भाव हे सगळं त्या केंद्रावरून हळूहळू गेलं. २०११ मध्ये आयोगाने चाप लावला: नवा सिग्नल शहरी भागाचा निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा व्यापू शकत असेल, तर ते केंद्र शहराचंच धरायचं, गावाच्या सेवेच्या नावाखाली सवलत मागायची नाही. तोवर अनेक गावांनी आपलं केंद्र गमावलं होतं. उलट २०१७ मध्ये मुख्य स्टुडिओ गावाजवळ असण्याची अटही काढून टाकली. मला ती चूक वाटते. गावात बसणारा माणूसच नसेल तर गावाची बातमी आणणार कोण?

आपल्याकडे खाजगी एफएमची परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालय शहरवार लिलावाने देतं. शहराची लोकसंख्या पाहून वर्ग ठरतो आणि वर्गावरून ताकद. मुंबईसारख्या सर्वांत वरच्या वर्गाला २५ ते ५० किलोवॅट, एक ते तीन लाख वस्तीच्या गावाला १ ते ३ किलोवॅट. टॉवरची जागा, उंची, फ्रिक्वेन्सी हे सगळं मंजुरीत बांधलेलं असतं. वाटलं म्हणून टॉवर उचलून शहराकडे सरकवता येत नाही.

हा नियम मला योग्य वाटतो. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांत ९८.३ आणि ९१.१ चालतात, कारण मध्ये सह्याद्री उभा आहे. खंडाळ्याच्या घाटात गाडीतला रेडिओ एका वळणावर मुंबई धरतो, पुढच्या वळणावर पुणं. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर एफएम रिसीव्हर जोरकस असेल तो उचलतो आणि दुसरा दाबून टाकतो. डोंगरमाथ्यावर कुणी मनाने अँटेना चढवली तर दोन्हीकडचे ऐकणारे वैतागतील.

पण या शहरवार पद्धतीत ठाणे आणि नवी मुंबई कुठे आहेत, हे तुमच्या प्रश्नापेक्षाही मला जास्त टोचतं. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८.४ लाख होती, नवी मुंबईची ११.२ लाख. नाशिक १४.९ लाख. नाशिकला स्वतःची खाजगी एफएम केंद्रं आहेत, ठाण्याच्या नावाने एकही लायसन्स नाही. मुंबईचा सिग्नल इथे पोहोचतो, म्हणून आपल्याला वेगळं काही नको, असं धरलं गेलं. अमेरिकेत गावाचं केंद्र शहराकडे गेलं, आपल्याकडे शहराचा सिग्नल आपल्यावर पसरला. दोन्हीकडे माणसाला ऐकू सगळं येतं, पण त्याच्याशी कुणी बोलत नाही.

२६ जुलै २००५ ची रात्र मला अजून आठवते. माझा धाकटा भाऊ तुर्भ्याला कामाला होता. लाईट गेलेली, फोन लागत नव्हते, आईने ट्रान्झिस्टर उशाशी घेतलेला. कुर्ला, सायन, कलिना यांची माहिती येत होती. ठाणे-बेलापूर रस्ता चालू आहे की बंद, कळवा नाक्यावर पाणी किती, यावर एक शब्द नाही. आई मला विचारत होती, "अरे, तुमच्या रेडिओत आपलं नाव का घेत नाहीत?" मी त्याच क्षेत्रात काम करत होतो आणि तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आला.

म्हणून माझा सल्ला असा की कर्जतचा विचार सोडा आणि नेरूळमध्येच सामुदायिक रेडिओसाठी, म्हणजे संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवायच्या छोट्या केंद्रासाठी, अर्ज करा. त्यासाठी लिलाव नाही. संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षं काम करणारी हवी. शिक्षणसंस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही परवानगी मिळते. ताकद १०० वॅट, अँटेना जास्तीत जास्त ३० मीटर, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. नेरूळच्या उंच इमारतींमुळे तो सगळीकडे सारखा मिळणार नाही, पण वाशी, सानपाडा, बेलापूर, खारघर, उलवे एवढा भाग नजरेसमोर ठेवायला हरकत नाही. निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे, ही अट आहे आणि तीच या रेडिओची ताकद आहे. २०२४ पासून तासाला १२ मिनिटं जाहिराती घेता येतात. त्यातून वीजबिल आणि एक-दोन जणांचा पगार निघावा. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. पण वाहतूक, हवामान, पाणीकपात, परीक्षेची माहिती देता येते, आणि आगरी-कोळी गाणी, करावे-सारसोळ्याच्या जुन्या लोकांच्या आठवणी, माथाडी कामगारांचे प्रश्न यांना कुणाची आडकाठी नाही.

वेळ मात्र लागेल. परवानगी मंत्रालयाची, फ्रिक्वेन्सी देणारा विभाग वेगळा, टॉवरच्या जागेची मंजुरी आणखी वेगळी. विमानतळ जवळ असल्यामुळे अँटेनाच्या उंचीचा प्रश्न आधी सोडवून घ्या. अर्ज ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर करायचा असतो. गच्ची नक्की झाली की मेसेज करा, अँटेना कोणत्या कोपऱ्यात बसवायची ते मी स्वतः येऊन बघेन.