शोधपथकाच्या कुत्र्याला परीक्षेला का बसवायचं?

कुत्रा सरावात छान शोधतो, मग प्रमाणपत्र कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण सरावात माणूस कुठे लपलाय हे बहुतेक वेळा तुला ठाऊक असतं. नकळत तुझी पावलं मंदावतात, मान तिकडे वळते आणि कुत्रा वासाऐवजी तुझ्याकडे पाहून भुंकतो. परीक्षेत ती जागा तुला माहीत नसते, त्यामुळे हा दोष लगेच उघडा पडतो.

शक्य असेल तर रिकामा भागही तपासायला लावणारी परीक्षा निवड. जिथे कोणीच नाही तिथे कुत्रा गप्प राहतो का, हे मला माणूस शोधण्याइतकंच मोलाचं वाटतं. ढिगाऱ्यावर खोटा इशारा मिळाला की लोक तासन्‌तास चुकीच्या जागी उपसत राहतात, आणि खाली अडकलेल्याकडे तेवढा वेळ नसतो.

प्रमाणपत्र तू आणि कुत्रा अशा जोडीला मिळतं, एकट्या कुत्र्याला नाही. माग काढणं, मोकळ्या रानातला शोध, ढिगारा, हिमस्खलन, मृतदेह या सगळ्यांच्या परीक्षा वेगळ्या. मुदतही असते, अमेरिकेत फेमा या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या पथकांतल्या ढिगारा शोधणाऱ्या जोड्यांना दर 3 वर्षांनी पुन्हा उत्तीर्ण व्हावं लागतं.

सरावाची नोंदवही मात्र आजच सुरू कर. वारा, वेळ, जागेचा आकार आणि फसलेले शोधसुद्धा लिही. एका दिवसाच्या परीक्षेत न दिसणारं बरंच त्यात दिसतं, म्हणून मदतीला बोलावणाऱ्या अधिकाऱ्याला दोन्ही दाखव. कुत्रा तयार नसेल तर तारीख बिनधास्त पुढे ढकल.