अमेरिकेत जुनं घर घेतोय, होम वॉरंटी घ्यावी का? नक्की काय कव्हर होतं आणि खर्च किती?

टेक्सासच्या प्लेनोमधलं २००६ चं घर, क्लोजिंग (घर नावावर व्हायचा दिवस) तोंडावर, आणि रियल्टर, म्हणजे घराचा एजंट, म्हणतोय ६०० डॉलर भरा, सगळं कव्हर होतं, असंच लिहिलंय ना तुम्ही? त्यातलं ते "सगळं" आधी डोक्यातून काढा. मी डॅलसजवळच राहतो, त्यामुळे टेक्सासपुरतं सांगतो, बाकी राज्यांत नियम वेगळे असतात.

गारपिटीने छप्पर गेलं, आग लागली तर तो होम इन्शुरन्सचा विषय. वापरून वापरून एसीचा कॉम्प्रेसर बसला, डिशवॉशर बंद पडला तर ही वॉरंटी. लेंडर (घराचं कर्ज देणारा) इन्शुरन्स मागतोच, वॉरंटी मात्र तुमच्या मर्जीवर.

पैशाचं म्हणाल तर वर्षाचे साधारण ४०० ते ७०० डॉलर, आणि वर दर वेळी माणूस आला की ७५ ते १२५ सर्व्हिस फी, मग त्याने दुरुस्त करो वा "हे कव्हर होत नाही" म्हणून निघून जावो. प्लंबर वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा, म्हणजे फी पण दोनदा. स्विमिंग पूल, दुसरा फ्रिज वगैरे बहुतेक ठिकाणी जादा पैसे देऊन.

पण खरी गंमत लिमिटमध्ये, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती देणार त्यात आहे. ब्रोशर बाजूला ठेवा, सँपल कॉन्ट्रॅक्ट मागवा आणि "लिमिट" आणि "नॉट कव्हर्ड" ही पानं नीट वाचा, बाकी नाही वाचलंत तरी चालेल. काही प्लॅनमध्ये एसीसाठी २००० डॉलरच्या आसपासच लिमिट असतं आणि इथे पूर्ण सिस्टिम बदलायची तर आकडा त्याच्या कितीतरी पट जातो. माझा गॅसचा वॉटर हीटर गेला तेव्हा नवा हीटर वॉरंटी कंपनीने दिला, पण एक्स्पान्शन टँक, खालचा ड्रेन पॅन, सिटीचं परमिट, जुना हीटर उचलून न्यायचे पैसे हे सगळं "कोड अपग्रेड" (आजच्या बांधकाम नियमांप्रमाणे करायचे बदल) आणि कसलं कसलं म्हणून माझ्या माथी, प्लंबर गराजमध्ये उभा राहून यादी वाचतोय आणि घरात गरम पाणी नाही, मग काय करणार, केली सही.

क्लेम नाकारायची दोन ठरलेली कारणं म्हणजे बिघाड आधीपासूनच होता, नाहीतर मेंटेनन्स केला नाही. म्हणून घराच्या इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये एसीची कॉइल गंजलीय असं काही आलं असेल तर ते वॉरंटीच्या भरवशावर सोडू नका, आत्ताच सेलरकडून दुरुस्त करून घ्या किंवा क्रेडिट मागा, म्हणजे तेवढे पैसे क्लोजिंगला कमी करून घ्या. आणि एसीच्या ट्यून-अपची बिलं जपून ठेवा.

आता एक काम करा. बाहेरच्या एसी युनिटवरची प्लेट बघा, बनवल्याची तारीख असते, नसेल तर सिरियल नंबरवरून निघते. वॉटर हीटरचंही तसंच. २००६ चाच एसी असेल तर त्यात बहुतेक आर-२२ हा जुना थंड करणारा गॅस असणार, त्याचं उत्पादन आणि आयात अमेरिकेत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे तो महाग पडतो, आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये गॅसचे पाउंडमागे किती डॉलर देणार याचं वेगळं लिमिट असू शकतं, ते शोधाच.

एसी गेल्या काही वर्षांत बदललेला असेल तर मॅन्युफॅक्चररची पार्ट्सची वॉरंटी (रजिस्टर केली असेल तर बऱ्याचदा १० वर्षं) तुमच्या नावावर होते का ते सेलरला विचारा, होत असेल तर मी तरी होम वॉरंटी न घेता हे ६०० डॉलर दुरुस्तीसाठी बाजूला टाकून ठेवीन. एसी म्हातारा असेल तर होम वॉरंटी एक वर्ष घ्या, पण सेलरच्या पैशांनी! टेक्सासच्या घरविक्रीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सेलर यासाठी किती देणार याची रिकामी जागा असते, तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तिथे काय आकडा भरलाय ते रियल्टरला विचारा. नंतर स्वतः घ्यायला गेलात तर बहुतेक कंपन्या पहिले ३० दिवस क्लेम घेत नाहीत, क्लोजिंगला घेतली तर सहसा त्याच दिवसापासून चालू होते. आणि ऑटो-रिन्यू पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर दुसऱ्या वर्षी भाव वाढवून कार्डातून परस्पर पैसे जाऊ शकतात.